पवित्र होणे : शेवटच्या शेतापर्यंत पोहोचणारे पाणी



तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात गेलेला मराठी माणूस एका भिंतीपाशी हमखास थांबतो. सभोवार सगळे तमिळ, आणि मध्येच आपली भाषा! सरफोजी राजे दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत कोरून घेतला. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्यापासून १८५५ पर्यंत कावेरीकाठच्या या भातशेतीच्या मुलखावर मराठ्यांचे राज्य होते, हे आपण शाळेत एका ओळीत शिकतो. तिथे ते दगडावर वाचायला मिळते.

त्या मंदिराजवळच, शिवगंगा तळ्याकाठी, १७७९ चे एक साधे चर्च आहे. तिकडे मात्र फारशी पावले वळत नाहीत. आत एक संगमरवरी शिल्प आहे. सरफोजी राजांनीच ते जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले. एक वृद्ध पाद्री मरणशय्येवर आहेत आणि तरुण राजाने त्यांचा हात आपल्या हातात घेतला आहे. हे पाद्री म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. १७२६ साली प्रशियात जन्मले, १७५० मध्ये तरंगंबाडीला पोहोचले आणि १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरात देवाघरी गेले. मायदेशी परत गेलेच नाहीत. तमिळ तर शिकलेच, पण दरबारात बोलता यावे म्हणून मराठीही शिकले. राजा शिवभक्त होता आणि शेवटपर्यंत शिवभक्तच राहिला. तरी आपल्या पदरच्या पैशाने त्याने हे शिल्प चर्चमध्ये बसवले.

पवित्रतेवर बोलायची वेळ आली की मला ते दोन हात आठवतात. कारण आपल्या मनात पवित्र माणसाचे जे चित्र असते, त्यात सहसा हात जोडलेले असतात. कोणाच्या हातात दिलेले नसतात.

याचे एक कारण शब्दातच आहे. मराठी बायबल ‘पवित्र’ म्हणते. तमिळ बायबल ‘परिसुत्तम’ म्हणते, म्हणजे आपला ‘परिशुद्ध’. दोन्ही शब्द स्वच्छतेकडे झुकतात, आणि आपल्या देशात स्वच्छतेचा विचार फार लवकर सोवळ्याकडे जातो. सोवळ्यात असलेल्याला शिवायचे नाही. त्याने कोणाला शिवायचे नाही. जो जितका दूर, तितका पवित्र. हा अर्थ आपण न कळत बायबलच्या शब्दावर चढवतो, आणि मग पवित्र होणे म्हणजे सिनेमा न पाहणे, वाईट संगत टाळणे, बाहेरच्यांपासून चार हात लांब राहणे, एवढेच उरते. मी या गोष्टींची टिंगल करत नाही. त्यातल्या काही गरजेच्याही आहेत. पण इब्री भाषेतला मूळ शब्द ‘कादोश’ आहे आणि त्याचा गाभा स्वच्छता नाही. कादोश म्हणजे वेगळा केलेला, देवाच्या मालकीचा. मंदिरातले तांब्याचे भांडे कादोश असे. ते घासून लख्ख केलेले होते म्हणून नव्हे, तर ते देवाच्या कामासाठी राखलेले होते म्हणून. तेव्हा पहिला प्रश्न ‘मी किती स्वच्छ?’ हा नाही. ‘मी कोणाचा?’ हा आहे. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो : ज्याचा मी आहे, त्याचे काम काय?

देवाचे काम काय, हे जळत्या झुडपापाशी कळते. निर्गमच्या तिसऱ्या अध्यायात मोशेला पायातले जोडे काढायला सांगितले जाते, कारण ती भूमी पवित्र आहे. आपण बहुधा तिथेच थांबतो. जोडे काढले, नतमस्तक झालो, झाले. पण देव त्याच श्वासात पुढे बोलतो. काय बोलतो? मिसर देशात विटा पाडणाऱ्या मजुरांचा आक्रोश आपण ऐकला आहे, त्यांच्यावर मुकादमांनी चालवलेला जुलूम पाहिला आहे, आणि म्हणून आपण खाली उतरलो आहोत. पवित्र भूमीवर उभे राहिल्यावर ऐकू येणारी पहिली गोष्ट मजुरांचे रडणे असते.

आता लेवीयचा एकोणिसावा अध्याय काढा. सुरुवातीलाच आज्ञा आहे की तुमचा देव पवित्र आहे, तसे तुम्हीही पवित्र व्हा. एवढी मोठी आज्ञा वाचल्यावर पुढे उपवास, ध्यान, स्नान, मंत्र असे काही येईल, असे वाटते. येते काय? शेत कापताना कोपऱ्यापर्यंत कापू नका. खाली पडलेल्या लोंब्या वेचू नका, त्या गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत धोंडा ठेवू नका. न्याय करताना तोंड पाहून करू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, हेही तिथेच आहे. आणि अध्याय संपता संपता तराजू, वजने आणि मापे खरी ठेवा, असे सांगितले आहे. ज्याला पवित्र व्हायचे आहे, त्याला देव शेताच्या बांधावर नेतो आणि धान्याच्या मापाशी उभा करतो.

श्वार्ट्झ यांची गोष्ट मला इथे सांगायची आहे. त्यांनी किती चर्च बांधली, किती जणांना बाप्तिस्मा दिला, हे इतरत्र वाचायला मिळेल. मला दोन प्रसंग पुरेत.

१७८० मध्ये हैदर अली आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले. कावेरीचा सगळा प्रदेश उद्ध्वस्त झाला. तंजावरच्या किल्ल्यात माणसे भुकेने मरू लागली. रस्त्यावर प्रेते पडत होती. गंमत म्हणा की शोकांतिका, पण बाहेरच्या गावांत धान्य शिल्लक होते. ते किल्ल्यात आणायला बैल हवे होते, आणि शेतकरी बैल द्यायला तयार नव्हते. का द्यावेत? आजवर सरकारी माणसांनी धान्य नेले, बैल नेले आणि पैसे दिले नव्हते. राजाचा शब्द चालेना, इंग्रजांचाही चालेना. तेव्हा दरबारात असे ठरले की या पाद्र्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात का, ते पाहावे. श्वार्ट्झ यांनी गावांत निरोप पाठवले : धान्य आणा, पैसे मी स्वतः देईन. एक-दोन दिवसांत हजारभर बैल जमले, आणि थोड्याच काळात ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. (कलम हे तिकडचे धान्याचे माप.) ठरल्याप्रमाणे पैसेही दिले गेले. त्यांच्याच पत्रांत ही हकीकत आहे.

पुढे जुलमाला कंटाळून तंजावरचे शेतकरी गावे सोडून निघून गेले. शेते ओसाड पडली. राजाने वचने दिली, कोणी फिरकले नाही. मग पुन्हा श्वार्ट्झ यांना मध्ये घातले. त्यांनी शब्द दिल्यावर एकाच दिवशी सात हजार माणसे परत आली, पेरणीचा हंगाम जवळजवळ सरला असतानाही नांगराला लागली.

मी या प्रसंगांकडे पुन्हा पुन्हा जातो. या सात हजारांतले बहुतेक ख्रिस्ती नव्हते. श्वार्ट्झ काय शिकवतात, त्रैक्य म्हणजे काय, याच्याशी त्यांना काही घेणे नव्हते. पण हा माणूस माप खरे घालतो आणि मजुरी बुडवत नाही, हे त्यांना माहीत होते. लेवीय १९ त्यांनी वाचलेला नव्हता, तरी तो त्यांच्या ओळखीचा होता. हैदर अलीलाही तो ओळखीचा होता. १७७९ मध्ये मद्रासच्या इंग्रजांनी श्वार्ट्झ यांना बोलणी करायला श्रीरंगपट्टणला पाठवले. परतताना हैदरने प्रवासखर्चासाठी तीनशे रुपये दिले. श्वार्ट्झ यांनी ते स्वतःजवळ ठेवले नाहीत. सरकारकडे दिले आणि पुढे तंजावरातल्या गरीब मुलांच्या शाळेकडे वळवले. युद्ध सुरू झाल्यावर हैदरच्या सैन्याला हुकूम होता की या पाद्र्याला अडवू नये.

म्हणून देवाच्या मालकीचा माणूस कसा ओळखायचा, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, त्याच्याकडे धान्य घेऊन येणाऱ्याला विचारा.

एवढे सांगून थांबलो असतो तर हे चरित्र फार गोड झाले असते. पण त्याच चर्चमध्ये रविवारी लोक कसे बसत, हेही सांगायला हवे. वेळ्ळाळ आणि इतर वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींतून आलेले ख्रिस्ती एका बाजूला बसत, दलित ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला. श्वार्ट्झ यांनी हे खपवून घेतले. हळूहळू जाईल, असे त्यांना वाटे. ते गेले नाही. त्यांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनी, १८३३ मध्ये, कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतून जातिभेद ताबडतोब काढून टाका, असा आदेश पाठवला, तेव्हा तंजावरची मंडळी फुटायची वेळ आली. विरोध करणाऱ्यांत श्वार्ट्झ यांनी लहानपणापासून वाढवलेले मोठे भक्तकवी वेदनायकम शास्त्रीही होते. ज्या माणसाने दुष्काळात साऱ्या मुलखाला एका मापाने धान्य दिले, त्याच्याच मंडळीत देवासमोर बसायची जागा दोन मापांनी दिली जात होती. सोवळे दारातून बाहेर काढले की खिडकीतून आत येते.

आणि मनुष्याला हे सोपेही वाटते, कारण जुन्या करारातही शिवाशिवीचे नियम आहेत. हाग्गय संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायात एक चमत्कारिक प्रश्नोत्तर आहे. पवित्र मांस कोणी पदरात घेऊन चालला आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होते का? याजक म्हणतात, नाही. आणि प्रेताला शिवलेला माणूस त्या भाकरीला शिवला, तर ती अशुद्ध होते का? याजक म्हणतात, होते. म्हणजे अशुद्धता संसर्गाने पसरते, पावित्र्य पसरत नाही. जो जग असे पाहतो, तो लांबच राहणार. आपल्या घरातल्या आजीबाईंनी हा हिशेब न वाचताच पाठ केलेला असतो.

येशूने तो हिशेब उलटा केला. मार्कच्या पहिल्या अध्यायात एक कुष्ठरोगी समोर येतो. येशूने नुसता शब्द उच्चारला असता तरी तो बरा झाला असता, आणि दुसरीकडे येशूने तसे केलेलेही आहे. इथे मात्र त्याने हात पुढे करून त्याला स्पर्श केला, आणि मग रोग गेला. पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली बाई गर्दीत मागून येते आणि चोरून त्याच्या वस्त्राला हात लावते. नियमाने येशू विटाळायला हवा होता. घडले ते असे की ती बरी झाली. पवित्रतेत दुसऱ्याला बरे करण्याची शक्ती असते, हे इथे दिसते. मार्क आणखी एक बारीक गोष्ट नोंदवतो. बरा झालेला कुष्ठरोगी गावात मोकळा फिरू लागला आणि येशूला गावात उघडपणे जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहू लागला. दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. क्रूसाची सावली तिथूनच पडू लागते.

जिथे ही अदलाबदल होत नाही, तिथे काय होते? तंजावर जिल्ह्यातच, कडेच्या कीळवेणमणी नावाच्या गावी (हे गाव आज नागपट्टणम जिल्ह्यात येते) शेतमजुरांनी मजुरीत थोड्या वाढीव भाताची मागणी केली होती. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, नाताळच्या रात्री, जमीनदारांच्या टोळीने दलित वस्तीवर हल्ला केला. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेल्या माणसांसह ती झोपडी पेटवून दिली. चव्वेचाळीस जण जळून मेले. त्यात बायका आणि मुले जास्त होती. खटला चालला, शिक्षा झाल्या, पुढे वरच्या न्यायालयात जमीनदार सुटले. हे गुन्हेगार चर्चमधले नव्हते, हे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. मला तसे होता येत नाही. त्या प्रदेशात अडीचशेहून अधिक वर्षे प्रभूचे वचन वाचले जात होते, लेवीय १९ त्या वचनात होता, आणि भाताच्या मापावरून माणसे जाळली गेली.

त्या घटनेनंतर कृष्णम्माल आणि शंकरलिंगम जगन्नाथन हे दांपत्य तिथे राहायला गेले. दोघे सर्वोदयाचे, विनोबांच्या भूदानात पायी हिंडलेले. कृष्णम्माल स्वतः दलित शेतमजुराच्या घरातल्या. भूमिहीन बायकांच्या नावावर जमीन व्हावी म्हणून त्यांनी तिथे आयुष्य घातले. त्या ख्रिस्ती नाहीत. पण शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडायची आज्ञा कोणी कशी पाळली, हे पाहायचे असेल तर मला त्यांचेच नाव सांगावे लागते, आणि ते सांगताना थोडी लाज वाटते.

मग आपण पवित्र व्हायचे कसे? ‘आम्ही माणसे, आमच्याने नाही व्हायचे’ असे प्रार्थनागटात कोणी ना कोणी म्हणतेच. त्याला पौलाचे उत्तर विलक्षण आहे. करिंथची मंडळी भांडखोर होती, एकमेकांवर खटले भरणारी होती, प्रभुभोजनालाही गरिबांना उपाशी ठेवून आधी स्वतः जेवणारी होती. अशा लोकांना पौल पत्राच्या दुसऱ्याच वचनात पवित्र केलेले म्हणतो. खुशामत म्हणून नव्हे. ख्रिस्ताने त्यांना विकत घेतले आहे, ते त्याचे झाले आहेत, म्हणून. पुढचे सोळा अध्याय मग तो त्यांना त्या नावाला साजेसे वागायला शिकवतो. आधी मालकी, मग चाल. आपण उलटे करायला जातो आणि दमतो.

भातशेती पाहिलेल्याला हे पटकन कळेल. आधी तरव्यासाठी एक लहान वाफा वेगळा काढतात. त्यात बी दाट पेरतात, पाखरांपासून राखतात, पाणी जपून देतात. तो वाफा खास असतो, बाकीच्या शेतापासून वेगळा. पण तरवा तिथेच राहिला तर एकमेकांत गुदमरून वाया जातो. वेगळा ठेवण्यामागे त्याला उपटून मोकळ्या शेतात लावायचे असते. उपासना, मौन, उपवास, शिबिरे ही आपली तरव्याची जागा आहे. ती हवीच. योहानच्या सतराव्या अध्यायात येशू शिष्यांना पवित्र कर अशी पित्याकडे विनंती करतो, आणि लगेच म्हणतो की मी त्यांना जगात पाठवत आहे.

आणखी एक चित्र यहेज्केलच्या सत्तेचाळीसाव्या अध्यायात आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाण्याची धार निघते. संदेष्ट्याला त्यात चालवत नेतात. पाणी आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि शेवटी पोहल्याशिवाय पार होता येणार नाही एवढे. ती नदी खाऱ्या समुद्रात जाते आणि समुद्र गोडा होतो, मासे होतात, काठावर झाडे उगवतात. कावेरीच्या मुखाशी राहणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दर वर्षी मेट्टूर धरणातून पाणी सोडायची ठरलेली तारीख १२ जून. ते कल्लणैला येते, तिथे फाटे फुटतात, फाट्यांना कालवे, कालव्यांना चाऱ्या. अगदी शेवटच्या शेतांना तमिळमध्ये ‘कडैमडै’ म्हणतात, म्हणजे टोकाचे मोरीतोंड. पाणी सुटल्यावर त्या भागात एकच प्रश्न असतो : कडैमडैला पोहोचले का? कारण नदीचे पाणी जिथवर येत नाही, तिथवर समुद्राचे खारे पाणी आत शिरते आणि जमीन नासते. मोकळी जागा तशीच राहत नाही.

यहेज्केलने त्या दृश्यात एक वाक्य घातले आहे, ते आपण सहसा वगळतो. दलदली आणि डबकी मात्र गोडी होत नाहीत, ती खारीच राहतात. पाणी मंदिरातून निघालेले असूनही. जे वाहत नाही, साठून राहते, ते पाणी बिघडते.

मी हे उपदेश म्हणून सांगतो आहे, पण माझ्याच घरची एक गोष्ट राहिली आहे. मागे एकदा मी तीन दिवसांच्या प्रार्थनाशिबिराला गेलो होतो. विषय होता पवित्रीकरण. फोन बंद ठेवायचा, घरचे काही मनात आणायचे नाही, असा नियम होता आणि मला तो आवडला होता. खरोखर खूप मिळाले त्या तीन दिवसांत. परतलो तेव्हा महिन्याची चार तारीख होती. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेला द्यायचा असतो. तो मी पार विसरून गेलो होतो. पैसे हातात देताना मी म्हटले, “मावशी, फोन करायचा ना घरी कोणाला तरी.”

त्या म्हणाल्या, “लागत होते एक तारखेला दादा, पोराची फी होती. घेतले व्याजाने एकीकडून. तुम्ही देवाच्या कामात होता. म्हटलं, पैशाचं काढून तुमचं मन कशाला विटाळायचं.”

हे त्या अगदी सरळ मनाने बोलल्या. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. व्याज किती गेले, हे मी त्या दिवशी विचारले नाही. नंतरही विचारले नाही. उद्या त्या आल्या की विचारणार आहे.